घाटात तापणारे इंजिन आणि ऑइल कूलर: एका मोटरसायकलचे प्रकरण

गेल्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडचे एक गृहस्थ आपली मोटरसायकल घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आले, तेव्हा त्यांच्या हातात गाडीच्या किल्लीबरोबर एक ऑइल कूलर, म्हणजे इंजिनातले गरम ऑइल वाऱ्याने थंड करणारा भागही होता. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून त्यांनी तो रविवारी सकाळी घासाघीस करून आणला होता. पल्सर २२०चा, वरून स्वच्छ, फिन, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या, सरळ असलेला. "दादा, एवढा बसवून द्या, बाकी काही बघू नका," एवढेच त्यांचे म्हणणे होते. गाडी २०१२ सालची, ३५० सीसीची, हवेने थंड होणाऱ्या एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली आणि ६१ हजार किलोमीटर चाललेली होती.

तक्रार मात्र त्यांनी नेमकी सांगितली, आणि ती नेमकी असल्यामुळेच पुढचे काम सोपे झाले. संध्याकाळच्या गर्दीत स्वारगेटपर्यंत पोहोचता पोहोचता क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढत असे आणि सिग्नलला न्यूट्रल लागत नसे. पत्नीला मागे बसवून पाचगणीला जाताना खंबाटकीच्या चढावर इंजिनातून खटखट ऐकू येई, गाडी दम सोडल्यासारखी होई, आणि पसरणी घाटात तर दोनदा थांबून इंजिन निवू द्यावे लागले होते. नवे ऑइल दोन हजार किलोमीटरमध्ये काळे आणि पाण्यासारखे पातळ होत असे. इंजिन तापते यात शंका नव्हती. ते का तापते हे कोणी पाहिले नव्हते, आणि कूलर बसवल्यावर ते पाहण्याची गरज कोणाला वाटलीही नसती.

जुना कूलर आम्ही तेथेच नाकारला. वापरलेला कूलर ज्या गाडीतून निघाला ती गाडी का मोडीत गेली हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. इंजिन जॅम होऊन गेले असेल, तर पिस्टनचा आणि बेअरिंगचा चुरा कूलरच्या अरुंद नळ्यांत बसलेला असतो. डिझेलने, पेट्रोलने, हवेच्या दाबाने कितीही धुतला तरी तो सगळा निघाल्याची खात्री देता येत नाही, आणि ऑइल गरम होऊन वाहू लागले की हाच चुरा सुटून थेट इंजिनाच्या ऑइल मार्गात येतो. आम्ही तो कूलर त्यांच्यासमोर पांढऱ्या कापडावर उलटा करून हलवला, तेव्हा कापडावर चमकणारे चार-पाच कण पडले. त्यानंतर त्या विषयावर चर्चा झाली नाही.

कूलर बसवण्याआधी तापमान मोजायचे, असे ठरले. गॅरेजमध्ये हातात धरून रोखायची इन्फ्रारेड गन सर्रास वापरली जाते. पण चकचकीत अॅल्युमिनियमवर ती प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते, कारण असा पृष्ठभाग स्वतः फार कमी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. तिच्यावर विसंबून "इंजिन थंडच आहे" असा निर्वाळा दिला गेल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत, आणि खोटे कशाला बोला, सुरुवातीच्या वर्षांत आम्हीही तो दिला आहे. गन वापरायचीच असेल तर हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागावर, उष्णता सहन करणाऱ्या काळ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि तेथेच रोखावी. या कामात आम्ही गन बाजूला ठेवली, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) टोपणाला बारीक छिद्र पाडून के प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, ऑइलमध्ये सोडला, आणि दुसरा, वॉशरच्या आकाराचा थर्मोकपल स्पार्क प्लगच्या खाली बसवला. एक आकडा ऑइलचा आणि दुसरा हेडचा. हे दोन आकडे वेगवेगळे वागतात, आणि या प्रकरणाचे सगळे मर्म त्या वेगळेपणात आहे.

चाचणीचे दोन मार्ग ठरवले. पहिला संध्याकाळी सहा वाजता कोथरूडहून कर्वे रस्ता, डेक्कन, स्वारगेट असा हडपसरपर्यंत. दुसरा दुपारी वारज्याहून बाह्यवळण मार्गाने कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, खंबाटकी, वाई आणि पसरणी घाट चढून पाचगणीपर्यंत. मागच्या सीटवर आमचा मदतनीस, म्हणजे वजन जवळपास तेवढेच. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने तेव्हा खंबाटकीचा घाट चढून जात आणि बोगदा परतीच्या वाहनांना मिळे, त्यामुळे जाताना चढ चुकत नसे आणि चाचणीला तो उपयोगी पडला. हवेचे तापमान दोन्ही दिवशी दुपारी ३८ अंशांच्या आसपास होते.

पहिल्या फेरीत स्वारगेटच्या चौकात ऑइल १२८ अंशांवर गेले. पसरणी घाटाच्या माथ्यावर ते १४६ झाले आणि प्लगखालचा आकडा २३५. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ऑइल ९० ते १२० अंशांत राहिले तर काळजी नसते. १३०च्या पुढे साधे खनिज ऑइल झपाट्याने बिघडू लागते. दर १० अंशांमागे ऑइलचा हवेशी संयोग होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा या व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने ११६ आणि १४६ या दोन तापमानांत आठपटीचे अंतर पडते, आणि दोन हजार किलोमीटरमध्ये ऑइल काळे का होते याचे उत्तर तेथेच मिळते.

त्यानंतर आम्ही दोन दिवस गाडी तपासली आणि पाच दोष सापडले. त्यातले दोन किरकोळ होते: मागचा ड्रम ब्रेक किंचित धरून ठेवत होता, आणि लेग गार्डवर दिव्यांसाठी लावलेली रुंद पत्र्याची पट्टी सिलिंडरच्या अगदी समोर येऊन वारा अडवत होती. तिसरा दोष फिनांचा: सिलिंडरच्या मागच्या बाजूच्या फिनांत ऑइल आणि धूळ यांचा इतका घट्ट थर बसला होता की लाकडी काडीने तो खरवडावा लागला. फिन हवेसाठी असतात, पण सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा फवारा बहुतेक वेळा समोरूनच मारला जातो आणि मागे काय साचले आहे हे कोणी वाकून बघत नाही.

चौथा दोष ऑइलचा. गाडीला २०डब्ल्यू-५० दर्जाचे ऑइल अपेक्षित असताना, मायलेज वाढेल या आशेने आधीच्या ठिकाणी १०डब्ल्यू-३० घातले गेले होते. ५० दर्जाच्या ऑइलची १०० अंशांवरची श्यानता, म्हणजे दाटपणा, १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असावा लागतो. ३० दर्जाला ९.३ ते १२.५ पुरतो. म्हणजे १४६ अंशांवर त्या इंजिनाच्या बेअरिंगांना नावापुरतेच ऑइल मिळत होते.

पाचवा दोष मुख्य होता. कार्ब्युरेटर आणि हेड यांना जोडणाऱ्या इनलेट रबराला खालच्या बाजूने, हात न पोहोचणाऱ्या जागी, चीर गेली होती. इंजिन स्लोवर चालू ठेवून तेथे कार्ब क्लीनरचा फवारा मारताच आरपीएम चढले. त्या चिरेतून जास्तीची हवा आत जात होती आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडत होते. प्लगचे टोक खडूसारखे पांढरे निघाले ते त्यामुळेच. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडला जातो तेव्हा कार्ब्युरेटर मुद्दाम गरजेपेक्षा थोडे जास्त पेट्रोल देतो, आणि त्या जास्तीच्या पेट्रोलाची वाफ होताना ज्वलनकक्षातली उष्णता शोषली जाते. ते जास्तीचे पेट्रोल नाहीसे झाले की हेड तापते आणि खटखट सुरू होते. यात आणखी एक भर होती. निव्वळ पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलाला सुमारे १३.५ पट हवा पुरते. २०१२च्या कार्ब्युरेटरला हा बदल कळत नाही. तो जुन्याच मापाने इंधन देत राहतो, म्हणजे मिश्रण आपोआप थोडे आणखी हलके होते. इथेनॉलची वाफ होताना जास्त उष्णता शोषली जाते, त्यामुळे काही भरपाई होते, पण आधीच हवा ओढणाऱ्या इंजिनाला ती पुरत नाही.

नवे रबर, मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक क्रमांक मोठा, योग्य दर्जाचे ऑइल, मोकळ्या फिन, सुटा ब्रेक आणि वर सरकवलेली पट्टी, एवढे करून पुन्हा त्याच मार्गांवर गेलो. स्वारगेटला ११९. पसरणीच्या माथ्यावर ऑइल १३१ आणि हेड २०८. खटखट पूर्ण थांबली, न्यूट्रल लागू लागले. कूलर न लावता ऑइल १५ अंशांनी आणि हेड २७ अंशांनी उतरले होते, आणि येथेच काम संपवावे असे माझे मत होते. मालकांचे मत वेगळे होते. ते म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना, १३०च्या पुढे ऑइल बिघडतं? मग १३१ चालतं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते. वर्षातून दहा-बारा वेळा, दोघे जण आणि सामान घेऊन, उन्हाळ्यातही घाट चढणाऱ्या माणसाला तो कूलर हवा होता हे मी मान्य केले.

आता कूलर काय करू शकतो आणि काय नाही, हे आकड्यांत मांडणे आवश्यक आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना ही गाडी लिटरला ३५ किलोमीटर देते असे धरले, तर तासाला सुमारे २.३ लिटर, म्हणजे १.७ किलो पेट्रोल जळते आणि त्यातून साधारण २० किलोवॉट उष्णता निर्माण होते. त्यातला जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेले १५ किलोवॉट सायलेन्सर, फिन आणि ऑइल यांच्या वाटेने बाहेर पडतात. कूलरमधून मिनिटाला तीन लिटर ऑइल जात असेल आणि ते आत जाताना व बाहेर येताना १० अंशांचा फरक पडत असेल, तर कूलर सुमारे ०.९ किलोवॉट उष्णता काढतो. म्हणजे घरातल्या एका इस्त्रीएवढी. इंजिनाच्या एकूण उष्णतेत ही रक्कम लहान आहे, पण ऑइलच्या वाट्याला येणाऱ्या उष्णतेत ती मोठी आहे. म्हणून कूलर ऑइलला वाचवतो. हेडला तो फारसा उपयोगी पडत नाही. मिश्रण हलके असलेल्या गाडीला कूलर लावला तर ऑइलचा आकडा सुधारतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र जळत राहतो, आणि मालक निर्धास्त असतो. या प्रकरणात प्रथम रबर बदलण्याचा आग्रह धरला तो याच कारणाने.

ऑइल कोठून घ्यायचे हा पुढचा प्रश्न. बाजारात मिळणारे अनेक स्वस्त संच हेडकडे जाणाऱ्या बाहेरच्या ऑइल नळीत जोडायचे असतात, कारण ती नळी समोर दिसते आणि बँजो बोल्ट, म्हणजे ऑइल आतून जाऊ देणारा पोकळ बोल्ट, खोलला की काम होते. तो मार्ग आम्ही घेतला नाही. त्या नळीतून एकूण ऑइलचा थोडाच भाग जातो, म्हणून थंडावा कमी मिळतो. आणि कूलर तुंबला किंवा नळी गळली तर व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर आणि कॅम आधी कोरडे पडतात. आम्ही भोसरीच्या एका लेथवाल्याकडून फिल्टरच्या झाकणाच्या जागी बसणारा अॅडॉप्टर बनवून घेतला, ज्यामुळे पंपाकडून येणारे सगळे ऑइल आधी कूलरमध्ये जाते आणि मग फिल्टरमध्ये. कूलरमधून काही सुटलेच तर ते फिल्टरला अडकावे, हा त्यामागचा विचार. अॅडॉप्टरचा पहिला नमुना वाया गेला, कारण ओ-रिंगची खाच पाव मिलिमीटर खोल झाली होती आणि इंजिन गरम होताच तेथून ऑइल पाझरू लागले.

कूलर सात पट्ट्यांचा, नवा घेतला. नळ्या आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या, ऑइलसाठीच बनवलेल्या, वरून तारेचे वेष्टण असलेल्या आणि टोके हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतलेल्या. पेट्रोलची साधी नळी आणि ज्युबिली क्लिप वापरून केलेली कामे वर्षभर टिकलेली मी पाहिली आहेत. पण घाटाच्या उतारावर अशी एक नळी निसटली आणि ऑइल मागच्या टायरवर आले, तर पुढचे सांगण्याची गरज नाही. कूलर पुढच्या डाऊनट्यूबवर, म्हणजे चौकटीच्या इंजिनासमोरून खाली येणाऱ्या नळीवर, रबरी बुशांवर बसवला. पुढचे शॉकअप पूर्ण दाबून मडगार्ड कूलरला टेकत नाही ना, हे दोन माणसांनी हँडलवर भार देऊन पाहिले, आणि दोन्ही बाजूंना हँडल वळवून नळ्या ताणल्या जात नाहीत याचीही खात्री केली. तोंडे वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत हवा अडकत नाही. प्लग काढून, किक मारून, फिल्टरकडे ऑइल पोहोचेपर्यंत इंजिन फिरवले, मगच ते सुरू केले. कूलर आणि नळ्या यांत मिळून सुमारे २०० मिलिलिटर ऑइल मावते. तेवढे नंतर डिपस्टिक पाहून वर घातले. गरम ऑइलचा दाब ३००० आरपीएमला आधी चौरस सेंटिमीटरला २.२ किलो होता, तो १.९ झाला. ही घट आम्ही स्वीकारार्ह मानली.

मे महिन्यातल्या फेरीत पसरणीच्या माथ्यावर ऑइल ११३ अंशांवर थांबले. मालक खूश झाले. हेडचा आकडा २०३, म्हणजे अवघ्या पाच अंशांचा फरक. स्वारगेटला मात्र ऑइल ११५, पूर्वीपेक्षा फक्त चार अंशांनी कमी. गर्दीत कूलरवर वाराच येत नाही, तेव्हा तो गरम ऑइलने भरलेला एक डबा असतो. केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीला कूलर लावून द्या असे कोणी म्हणाले, तर हा आकडा मी त्याच्यापुढे ठेवतो.

आता आमची चूक. थर्मोस्टॅट बसवावा, म्हणजे ऑइल साधारण ८० अंशांपर्यंत तापेपर्यंत ते कूलरकडे न जाता परस्पर परत फिरेल, हे मला माहीत होते. पण त्याची किंमत कूलरच्या निम्मी होती आणि मी मालकांना सांगितले की पुण्यात थंडी ती केवढी, चालून जाईल. डिसेंबरच्या अखेरीस ते पहाटे साडेपाचला लोणावळ्याकडे निघाले. हवेचे तापमान १० अंशांच्या खाली होते. तळेगाव ओलांडून गेल्यावरही ऑइल ५८ अंशांच्या वर चढेना. असे दहा-बारा दिवस गेल्यावर ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ कॉफीसारखा फेस जमलेला त्यांना दिसला आणि हेड गास्केट गेले की काय या धास्तीने ते गाडी घेऊन आले. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात हेडमधून पाणी येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्वलनातून तयार होणारी वाफ क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागात, उतरते, आणि ऑइल पुरेसे तापले नाही तर ती उडून न जाता ऑइलमध्येच राहते. कच्चे पेट्रोलही तसेच साचत जाते. एप्रिलमध्ये १४६ अंशांनी ऑइलचे जेवढे वाटोळे होत होते, तेवढे नाही तरी त्याच जातीचे नुकसान आता ५८ अंश करू लागले होते.

थंडीच्या दिवसांत ट्रकवाले रेडिएटरसमोर रेक्झिन किंवा पुठ्ठा बांधतात, तसा पुठ्ठा तात्पुरता कूलरवर बांधला आणि ऑइल लगेच ७६ पर्यंत चढले. उपाय म्हणून तो वाईट नाही, फक्त दुपारी तो काढायची आठवण राहिली पाहिजे. जानेवारीत थर्मोस्टॅट बसवला, आणि त्याचे मजुरीचे पैसे आम्ही घेतले नाहीत. पहाटेच्या फेरीत ऑइल ८४ वर स्थिर झाले. थंड आणि दाट ऑइल कूलरच्या अरुंद नळ्यांतून रेटण्याचा पंपावरचा ताणही त्यामुळे गेला. यंदाच्या एप्रिलमध्ये पसरणीच्या माथ्यावर ११५ अंश मिळाले. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावरही थोडे ऑइल आडवाटेने परत जातेच, त्यामुळे हे दोन अंश अपेक्षित होते.

चार हजार किलोमीटरनंतर काढलेले ऑइल तपकिरी होते, बोटांत धरल्यावर त्याला तार होती. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर नेहमीची राखाडी पेस्ट, कण एकही नाही. वरच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर एकदा बदलावे लागले, आणि पावसाळ्यात कूलरच्या जाळीत चिखल भरतो म्हणून दर सर्व्हिसिंगला तो मागून पुढे अशा दिशेने धुतला जातो.

शहरातला ११५चा आकडा मात्र तेथेच आहे. कूलरच्या मागे १२ व्होल्टचा लहान पंखा आणि ऑइलच्या तापमानावर चालणारा स्विच लावला तर तो खाली येईल; पण गाडीच्या अल्टरनेटरवर आधीच दोन जादा दिवे आहेत आणि स्लोवर चालताना तो बॅटरी जेमतेम भरतो. मालकांनी दिवे एलईडी करून घ्यायचे कबूल केले आहे. पंख्याची वायर टाकीखालून ओढून ठेवली आहे, तिचे टोक टेप गुंडाळून बंद केले आहे.